नव्या कॉम्प्युटरमध्ये जुनं विंडोज चालवता येतं का? होस्ट आणि गेस्टच्या व्हर्जनचं गणित समजून घ्या

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. आता एकतर विंडोज ११ घ्या, नाहीतर सुरक्षेच्या अपडेटशिवाय राहा. घरच्या वापरासाठी नोंदणी करून मिळणारी वाढीव मुदतही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. त्यामुळे नवा कॉम्प्युटर घ्यायचा विषय अनेक ठिकाणी निघालाय.

पण शिरूर किंवा दौंडसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न फक्त पैशांचा नसतो. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात वीस-वीस वर्षांच्या फाइल पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये पडून असतात. एखाद्या पतसंस्थेचा किंवा आडत दुकानाचा जुना हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये असतो. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मशीन धडधाकट असतं, पण त्याची सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर फक्त विंडोज एक्सपी ओळखतं. नवा कॉम्प्युटर आला की हे सगळं बंद पडणार का?

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, “त्यात काय, व्हर्च्युअल मशीन टाक आणि आत एक्सपी चालव.” सल्ला चुकीचा नाही. पण एकाकडे ते पहिल्या दिवशी चालतं आणि दुसऱ्याकडे निळा स्क्रीन येतो. बहुतेक वेळा यामागे व्हर्जनची गडबड असते.

होस्ट आणि गेस्ट म्हणजे काय?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. व्हर्च्युअलायझेशन नेमकं हेच शक्य करतं: एका कॉम्प्युटरवर एकाच वेळी दोन ऑपरेटिंग सिस्टिम.

जी सिस्टिम खऱ्या कॉम्प्युटरवर बसलेली असते ती होस्ट, म्हणजे यजमान. समजा, विंडोज ११. तिच्या पोटात जी चालते ती गेस्ट, म्हणजे पाहुणी. समजा, विंडोज एक्सपी. या दोघांच्या मध्ये आणखी एक सॉफ्टवेअर असतं, त्याला हायपरवायझर म्हणतात. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन आणि मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही ही त्याची ओळखीची नावं.

लोक विचारतात, “विंडोज ११ वर एक्सपी चालतं का?” खरा प्रश्न वेगळा आहे: पाहुणा आत गेल्यावर बोलतो कुणाशी? याचं उत्तर कळलं की व्हर्जनचा अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

दौंडच्या रुळांवरून समजून घ्या

दौंड-बारामती रेल्वेमार्ग एकेकाळी नॅरोगेज होता, तर दौंडवरून जाणारा मुख्य मार्ग ब्रॉडगेज. नॅरोगेजच्या रुळांमध्ये ७६२ मिलीमीटर अंतर, ब्रॉडगेजमध्ये १,६७६ मिलीमीटर. त्यामुळे बारामतीकडून आलेला डबा दौंडच्या पुढे जाऊच शकत नव्हता. प्रवाशांनी गाडी बदलायची आणि माल उतरवून पुन्हा भरायचा.

समजा, तो नॅरोगेजचा डबा तसाच पुण्याला न्यायचाय. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग: ब्रॉडगेजची एक मोठी सपाट वाघीण घ्या, तिच्या पाठीवर नॅरोगेजचे रूळ टाका आणि डबा त्यावर चढवा. डब्याला वाटतं आपण आपल्याच रुळांवर आहोत. खाली काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे हेच. हायपरवायझर गेस्टसाठी एक खोटा कॉम्प्युटर उभा करतो: खोटा प्रोसेसर, खोटी हार्ड डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड. गेस्ट त्याच्याशीच बोलतो.

दुसरा मार्ग: वाघीण-बिघीण काही नको, डबा थेट मुख्य रुळांवर चालवा. खर्च कमी, वेग जास्त. पण मग डब्याची चाकं त्याच मापाची हवीत. कंटेनर म्हणजे हे. कंटेनरमध्ये गेस्टला स्वतःचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नसतो. तो होस्टचाच कर्नल वापरतो. डॉकरचं नाव ऐकलं असेल, तर ते याच प्रकारातलं.

थोडक्यात, व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्टचं जमायला हवं हायपरवायझरशी आणि कंटेनरमध्ये होस्टच्या कर्नलशी.

गेस्ट जुना, होस्ट नवा: कुठे अडतं?

दुकानदारांना आणि वर्कशॉपवाल्यांना लागतो तो हाच प्रकार. चांगली बातमी अशी की हा बहुतेक वेळा जमतो. खोटं हार्डवेअर जुनं दाखवणं हायपरवायझरला अवघड नसतं. मायक्रोसॉफ्टने स्वतः हे केलं होतं. २००९ मध्ये विंडोज ७ आलं, तेव्हा त्याच्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ मोफत दिला होता. तो म्हणजे विंडोज ७ च्या आत चालणारं तयार एक्सपी. विंडोज ८ आल्यावर मात्र ती सोय बंद झाली.

आज एक्सपी गेस्ट टाकताना अडचणी साधारण ठरलेल्या जागी येतात.

• हार्ड डिस्क: एक्सपीच्या मूळ सीडीत साटा-एएचसीआय प्रकारच्या डिस्कचा ड्रायव्हर नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये डिस्क साटाला जोडली तर इन्स्टॉल करतानाच निळा स्क्रीन येऊ शकतो. सेटिंगमध्ये डिस्क आयडीई कंट्रोलरला जोडायची.

• यूएसबी: एक्सपी यूएसबी ३ च्या आधीच्या काळातलं. गेस्टच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ किंवा २.० निवडायचं. हायपर-व्हीमध्ये पेन ड्राइव्ह किंवा डोंगल सरळ गेस्टला देण्याची साधी सोयच नाही, त्यामुळे डोंगल लागत असेल तर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर बरं.

• डोंगल आणि लायसन्स: काही जुनी सॉफ्टवेअर यूएसबीच्या किंवा प्रिंटर पोर्टच्या डोंगलशिवाय उघडत नाहीत. यूएसबीचं डोंगल बरेचदा चालतं. प्रिंटर पोर्टचं डोंगल मात्र अडचणीचं, कारण नव्या कॉम्प्युटरला ते पोर्टच नसतं. लायसन्स जुन्या हार्ड डिस्कच्या किंवा नेटवर्क कार्डच्या क्रमांकाला बांधलेलं असेल, तर खोटं हार्डवेअर पाहून तेही नकार देऊ शकतं.

• गेस्टची टूल्स: माउस नीट चालणं, स्क्रीनचा आकार बदलणं, होस्ट-गेस्टमध्ये फोल्डर शेअर करणं यासाठी गेस्टच्या आत हायपरवायझरचे ड्रायव्हर टाकावे लागतात. हायपरवायझर नवा होत जातो तसे जुन्या विंडोजसाठीचे हे ड्रायव्हर मागे पडतात. व्हीएमवेअरने एक्सपीच्या काळातल्या विंडोजसाठी टूल्सची वेगळी, गोठवलेली प्रत ठेवली आहे. हायपर-व्हीच्या आजच्या अधिकृत यादीत एक्सपी नाहीच.

आता डॉसचं काय? ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येतं. म्हणून डॉसवरचा फॉक्सप्रो प्रोग्राम विंडोज ११ वर डबल-क्लिक करून उघडत नाही. ३२-बिट एक्सपी गेस्ट केलं किंवा डॉसबॉक्ससारखं छोटं सॉफ्टवेअर वापरलं तर तोच प्रोग्राम बरेचदा उघडतो.

गेस्ट नवा, होस्ट जुना: इथे जास्त अडतं

उलट प्रकारही होतो. घरी जुना कॉम्प्युटर आहे, कोर्ससाठी किंवा कामासाठी विंडोज ११ शिकायचंय, म्हणून ते आत टाकून पाहायचं. इथे साखळीतला एकेक दुवा तपासावा लागतो.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. गंमत म्हणजे गेस्टसाठी ही चिप खोटीही चालते. पण ती खोटी चिप दाखवायला हायपरवायझर तेवढा नवा हवा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ही सोय २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या ७.० व्हर्जनपासून आहे.

आता समजा, होस्ट ३२-बिट विंडोज ७ आहे. व्हर्च्युअलबॉक्सने ६.० पासून ३२-बिट होस्टचा सपोर्ट काढला. म्हणजे अशा कॉम्प्युटरवर फार तर ५.२ बसतं, आणि ५.२ ला टीपीएम माहीत नाही. विंडोज ७ आणि विंडोज ११ यांचं थेट भांडण नाही, मधल्या माणसाचं व्हर्जन कमी पडतं.

प्रोसेसरचाही प्रश्न असतो. ६४-बिट गेस्टसाठी प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये चालू हवी. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स आणि एएमडीमध्ये एएमडी-व्ही म्हणतात. ‘६४-बिट विंडोज यादीत दिसतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा ही सोय बंद असल्यामुळे येते. लिनक्समध्येही हेच घडतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला ठरावीक पातळीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. होस्टचा प्रोसेसर नवा असला, पण व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये गेस्टला जुना प्रोसेसर दाखवला, तर गेस्ट सुरू होतानाच थांबतो.

अॅपलचा एम१ किंवा त्यापुढचा मॅक घेतला असेल तर आणखी एक भिंत आहे. तिथला प्रोसेसर एआरएम प्रकारचा. इंटेलसाठी बनलेलं साधं विंडोज त्यावर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालत नाही, एआरएमसाठीचं विंडोज ११ लागतं. एक्सपी तर इंटेलच्या काळातलंच. त्याला मग अख्ख्या प्रोसेसरची नक्कल करावी लागते आणि ते फार हळू चालतं.

शेवटी रॅम. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत ४ जीबीच्या कॉम्प्युटरची होते. एक्सपीला ५१२ एमबी ते १ जीबी पुरतं. विंडोज ११ गेस्टला ४ जीबी दिले तर होस्टला त्यापेक्षा वेगळे ४ जीबी तरी उरायला हवेत.

कंटेनरमध्ये नियम कडक का?

इंजिनिअरिंग किंवा आयटीआयची मुलं, आयटीत काम करणारे तरुण यांचा संबंध येतो तो डॉकरशी. इथे वाघीण नसते, रूळ होस्टचेच. म्हणून चाकांचं माप थेट जुळावं लागतं.

विंडोज कंटेनरमध्ये हे सर्वात ठळक दिसतं. विंडोज सर्व्हर २०१६ चा बिल्ड क्रमांक १४३९३, २०१९ चा १७७६३ आणि २०२२ चा २०३४८. कर्नल शेअर करणाऱ्या पद्धतीत २०१६ चा कंटेनर २०१९ च्या होस्टवर चालत नाही. ‘कंटेनरची ऑपरेटिंग सिस्टिम होस्टशी जुळत नाही’ अशा अर्थाची एरर येते. नंतर, सर्व्हर २०२२ आणि विंडोज ११ पासून, मायक्रोसॉफ्टने ही अट काहीशी सैल केली. दुसरा उपाय म्हणजे हायपर-व्ही आयसोलेशन. त्यात प्रत्येक कंटेनरला स्वतःचा कर्नल मिळतो, म्हणजे पुन्हा वाघीण आली. तेव्हा जुना कंटेनर नव्या होस्टवर चालतो. होस्टपेक्षा नवा कंटेनर मात्र तरीही नाही.

लिनक्समध्ये वातावरण मोकळं आहे. नवा कर्नल आला तरी जुने प्रोग्राम मोडायचे नाहीत, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक आग्रह असतो. त्यामुळे वेगवेगळ्या काळातले कंटेनर एकाच होस्टवर बहुतेक वेळा सुखाने नांदतात. पण अपवाद आहेत. सेंटओएस ६ चा कंटेनर नव्या कर्नलवर टाकला तर तो सुरू होताच कोसळू शकतो, कारण तो कर्नलची एक जुनी सोय वापरतो आणि ती आता अनेक ठिकाणी बंद असते. उलट उबुंटू २२.०४ चा कंटेनर जुन्या डॉकरवर अडतो, कारण तो कर्नलला जी नवी हाक मारतो ती जुनं डॉकर सुरक्षेच्या नावाखाली दारातच अडवतं. म्हणजे इथेही दोष दर वेळी कर्नलचा नसतो, कधी मध्ये उभ्या असलेल्या डॉकरचा असतो.

मग विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्सचे कंटेनर कसे चालतात? डब्ल्यूएसएल २ मुळे. विंडोज आत एक छोटं व्हर्च्युअल मशीन चालवतं, त्यात खरा लिनक्स कर्नल असतो आणि कंटेनर त्या कर्नलवर चालतात. वाघिणीवर रूळ आणि रुळांवर डबा!

काल चालत होतं, आज का नाही?

हा प्रश्न सर्वात त्रासदायक. गेस्टला कुणी हातही लावलेला नसतो, पण होस्ट अपडेट झालेला असतो.

विंडोज ११ च्या अनेक नव्या कॉम्प्युटरवर ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाची सुरक्षा आधीच चालू असते. ती स्वतःच मायक्रोसॉफ्टचं व्हर्च्युअलायझेशन वापरते. मग व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसर थेट मिळत नाही, त्याला मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरच्या वर बसावं लागतं. अशा वेळी व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत खाली कासवाचं चिन्ह दिसतं. हे चिन्ह दिसलं आणि गेस्ट रांगायला लागला, तर कारण इथे शोधायचं. पण ती सुरक्षा बंद करण्याआधी विचार करा: थोडा वेग महत्त्वाचा की होस्टचं संरक्षण?

दुसरी अडचण मशीन हलवताना येते. हायपर-व्हीच्या प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला स्वतःचं व्हर्जन असतं. सर्व्हर २०१२ आर२ मध्ये ५.०, २०१६ मध्ये ८.०, २०१९ मध्ये ९.०, २०२२ मध्ये १०.०. जुनं मशीन नव्या होस्टवर नेता येतं. एकदा ते ‘अपग्रेड’ केलं की जुन्या होस्टवर परत येत नाही. म्हणून अपग्रेडचं बटण दाबण्याआधी अख्ख्या मशीनची कॉपी बाहेर काढून ठेवायची.

चाललं म्हणजे सुरक्षित झालं का?

नाही. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला संपला. होस्ट कितीही नवा असला तरी गेस्टच्या आतली भोकं तशीच राहतात.

मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधलं एक जुनं भोक वापरलं. तेव्हा प्रकरण इतकं गंभीर होतं की सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला खास दुरुस्ती द्यावी लागली. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्याने तेच भोक वापरलं आणि त्याचा फटका नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला.

म्हणून जुन्या गेस्टचं नेटवर्क कार्ड बंदच ठेवा. फाइल द्यायची-घ्यायची असेल तर एकच शेअर केलेला फोल्डर ठेवा आणि काम झालं की तोही बंद करा. त्या गेस्टमध्ये ब्राउझर, ईमेल, बँकेचं काम काहीही करू नका. प्रिंट काढायची असेल तर आत पीडीएफ बनवा आणि होस्टवरून छापा.

आणखी एक मुद्दा लायसन्सचा. गेस्ट विंडोजलाही स्वतःचं लायसन्स लागतं. जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेलं एक्सपीचं ओईएम लायसन्स सहसा त्याच कॉम्प्युटरला बांधलेलं असतं, ते नव्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप वैध होत नाही.

मग नेमकं काय करायचं?

१. आधी सॉफ्टवेअरची यादी करा. कोणत्या प्रोग्रामला कोणतं विंडोज लागतं, ३२-बिट की ६४-बिट, डोंगल कोणतं, इन्स्टॉल करायची सीडी आहे का, हे कागदावर लिहा.

२. हायपरवायझर निवडताना त्याच्या वेबसाइटवर दोन याद्या पाहा: कोणते होस्ट चालतात आणि कोणते गेस्ट चालतात. दोन्हीत तुमचं नाव असेल तरच पुढे जा.

३. मशीनवरचं सॉफ्टवेअर असेल तर पोर्ट तपासा. जुन्या पीएलसीची केबल सिरियल पोर्टची असेल तर यूएसबीचं कन्व्हर्टर गेस्टमध्ये चालतं का, हे कारखान्यात उत्पादन बंद पडायच्या आधी पाहा.

४. जुना कॉम्प्युटर लगेच भंगारात देऊ नका. गेस्टमध्ये किमान एक महिन्याचं खरं काम करून पाहा.

५. सगळं नीट चाललं की गेस्ट बंद करून त्याची पूर्ण कॉपी बाहेरच्या डिस्कवर ठेवा. होस्टचं किंवा हायपरवायझरचं मोठं अपडेट येण्याआधी पुन्हा कॉपी घ्या.

६. त्याच वेळी आतला डेटा बाहेर काढायला सुरुवात करा. जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, फॉक्सप्रोचा हिशेब एक्सेलमध्ये उतरवा.

शेवटचा मुद्दा अनेक जण सोडून देतात. गेस्ट चालतोय, मग घाई कशाला? पण तो चालतो तो होस्ट, हायपरवायझर आणि प्रोसेसर या तिघांच्या मर्जीवर, आणि ते तिघंही दरवर्षी बदलतात. बारामतीच्या मार्गानेही अखेर गेज बदललं, तेव्हा दौंडला गाडी बदलायची गरज संपली. व्हर्च्युअल मशीन तोपर्यंतचा वेळ नक्की मिळवून देतं. तो वेळ डेटा वाचवायला वापरायचा.